मळीचा पेला

समुद्राच्या काठी राहणाऱ्या माणसाने समुद्र घरात आणण्याचा खटाटोप करावा, यात वेडेपणाचा काही अंश आहे, हे आम्हांस मान्य आहे. मुंबईतील आमच्या बिऱ्हाडापासून चौपाटी दहा मिनिटांच्या वाटेवर आहे; तरी गेली तीन वर्षे आमच्या दिवाणखान्यात तीनशे लिटर खाऱ्या पाण्याची काचेची टाकी उभी आहे, आणि तीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरविणारे दोन क्लाउन मासे, एक कोळंबी व शंखात राहणारा एक खेकडा अशी मंडळी नांदत आहेत. या वेडाचा वंश मात्र जुना आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय १८५३ साली उघडले, आणि पुढल्याच वर्षी फिलिप गॉस यांचे मत्स्यालयावरील पुस्तक निघून ही हौस तेथील सुशिक्षितांच्या घरांत शिरली.

आमचे मासे कोणी समुद्रातून धरून आणलेले नव्हेत. ते टाकीतच निपजलेले आहेत. हे ऐकून आमच्या कन्येने विचारले, “म्हणजे बाबा, यांनी समुद्र कधी पाहिलाच नाही?” प्रश्न लहान होता, पण त्याने आमच्या हौसेचे रूपच पालटून टाकले. ज्यांनी समुद्र पाहिला नाही, त्यांना आम्ही देऊ तोच समुद्र!

आता समुद्र देणे म्हणजे पाण्यात मीठ कालविणे नव्हे. लिटरास सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार हे प्रमाण साधणे सोपे आहे. अवघड असते ते पुढेच. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. महासागरात त्याचा पत्ताही लागत नाही. तीनशे लिटरांत तेच विष होते. सुदैवाने काही सूक्ष्म जंतू अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करून त्याची धार बोथट करतात. १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने त्यांचा छडा लावला. परंतु उरलेले अन्न, विष्ठा व अंगावरचा बुळबुळीतपणा कुजण्यापूर्वीच पाण्याबाहेर काढता आला, तर जंतूंवरचा भार तेवढा हलका होतो. त्यासाठी जे यंत्र लागते, ते आम्ही घरी बांधले.

ज्याने गुऱ्हाळ पाहिले आहे, त्यास या यंत्राचे मर्म सांगावयास नकोच. काहिलीत रस उकळू लागला की मळी फेसाबरोबर वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. आमच्या यंत्रात विस्तवाचे काम बारीक बुडबुडे करतात. पाण्यातील कित्येक सेंद्रिय कणांचे एक टोक पाण्याशी सलगी करते, तर दुसरे पाण्यापासून पळू पाहते. असे कण बुडबुड्याच्या पृष्ठभागास बिलगतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे चटकन एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून ते बारीक व पुष्कळ राहतात. नळीतून वर चढणारा हा फेस अरुंद गळ्यात निथळतो आणि वरच्या पेल्यात सांडतो. गोड्या पाण्यात ही युक्ती फारशी चालत नाही.

नळी व पत्रे ॲक्रिलिकचे घेतले. जर्मनीत १९३३ साली प्लेक्सिग्लास या नावाने बाजारात आलेला हा पदार्थ आज आमच्या गल्लीतील दुकानांच्या पाट्यांवर झळकतो. म्हणून पाट्या करणाऱ्या एका कारागिराकडून त्याचे उरलेले तुकडे आणले. ॲक्रिलिक जोडणे हे डिंकाने चिकटविणे नव्हे. डायक्लोरोमिथेन हा पातळ द्रव सुईने सांध्याच्या कडेस सोडला की तो आपण होऊन फटीत ओढला जातो, दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवितो, आणि तो उडून गेल्यावर दोन तुकडे एकजीव होऊन राहतात. मात्र कडा आधी कानशीने व मग बारीक कागदाने इतक्या सपाट करावयाच्या की दोहोंमधून उजेडाची रेघही दिसू नये. हे सारे उघड्या गच्चीवर करावे लागते, कारण त्या द्रवाची वाफ अपायकारक असते. जोडलेला सांधा मग एक दिवस हलवावयाचा नाही. या एका दिवसाने आम्हांस जेवढा धीर शिकविला, तेवढा कोणत्याही सुभाषिताने शिकविला नसेल.

यंत्राची खरी किंमत मात्र ते बंद पडले तेव्हा कळली. श्रावणातल्या एका रात्री वीज गेली ती सहा तास आली नाही. बुडबुडे थांबले, आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागले. मग आम्ही, आमचे कुटुंब व कन्या पाळीपाळीने पाणी उचलून उंचावरून ओतीत बसलो, म्हणजे त्यात हवा मिसळावी. आमच्या मातोश्री देवघरातील तांब्या घेऊन धावत आल्या. “आई, तांबे नको!” असे आम्ही ओरडलो, कारण विरघळलेले तांबे कोळंबीस व खेकड्यास मारक ठरते. “अरे, मग प्लास्टिकचा तांब्या तरी दे!” असे म्हणून त्या पदर खोचून आमच्यात बसल्या. पहाटे दिवे लागले, तेव्हा टाकीतील चारही जीव जिवंत होते, व घरातील चौघांपैकी कोणाचेही हात धड वर होत नव्हते.

एक दिवसाआड तो पेला आम्ही रिकामा करतो. चार लहान जिवांच्या टाकीतून निघालेला तो काळपट चहासारखा, दुर्गंधी द्रव पाहून पाहुणे नाक मुरडतात. आम्हांस त्याची किळस वाटत नाही. पावसाळ्यात चौपाटीवर पिवळसर फेसाचे पुंजके लोळताना दिसतात, तेव्हा समुद्रही आपली मळी अशीच वर काढीत असतो. पण तेथे पेला नाही, आणि तो रिकामा करणारेही कोणी नाही. शहराची सांडपाण्याची नाळ त्याच पाण्यात उतरते. आपण पाण्यात काय टाकतो, हे मनुष्यास दिसत नाही म्हणूनच तो निर्धास्त असतो. आमच्या घरात ते मापून, पेल्यात भरून, डोळ्यांसमोर उभे राहते. आणि ज्याने ते एकदा पाहिले, त्याचा हात नाल्यात कचरा टाकण्यापूर्वी क्षणभर तरी थबकतो.