अण्णांचं पाचवं दान



या वैशाखात अण्णांना जाऊन वर्ष झालं. आपल्यात श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. जीव आपल्या कर्मानं पुढच्या गतीला गेला, मागून आपण पाठवलेलं त्याला पोचत नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. बुद्धीला ते पटतंही. पण आठवणीला काही ना काही काम लागतं. नुसती बसवून ठेवली तर ती रडवते. आमचं जयसिंगपूर शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या, जयसिंगरावांच्या नावानं वसवलं. राजाला गाव वसवता येतं. आमच्या वाट्याला आली अण्णांची पत्र्याची हत्यारपेटी.

अण्णा साखर कारखान्यात फिटर होते. हंगाम सुरू झाला की तीन पाळ्या, अंगाला मळीचा वास आणि डोळ्यांत झोप. हंगाम संपला की घरातल्या आणि गल्लीतल्या मोडक्या वस्तूंना बरे दिवस यायचे. स्टोव्ह, इस्त्री, सायकल, बस्तीतली घंटा, कुणाच्या आजीचा चष्मा, काहीही चालायचं. "टाकतीस कशाला गं? आधी तिला विचार तरी, काय दुखतंय," असं ते खरोखर म्हणायचे. मग मिक्सरला कान लावून ऐकल्यासारखं करायचे आणि आम्हाला सांगायचे, "म्हणतोय, रोज चटणीच करतात, कधी सरबत करत नाहीत."

आमच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम होता. पण खेळात रंगलेल्या तीन पोरांना रोज हाका मारून आई दमायची. अण्णांनी स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीत पत्र्याचा तुकडा बसवला आणि त्याला एक बारीक भोक पाडलं. संध्याकाळी त्यातून समोरच्या भिंतीवर कवडसा पडायचा. सूर्य खाली जाईल तसा तो भिंतीवर वर चढायचा. सूर्यास्ताच्या आधी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, तो जिथं असेल तिथं अण्णांनी पेन्सिलनं रेघ मारली. सूर्य उत्तरेला-दक्षिणेला सरकतो, म्हणून महिन्यागणिक वेगळी रेघ. "कवडसा रेघेला पोचायच्या आत ताट रिकामं झालं पाहिजे. बघू, कोण जिंकतंय, तुम्ही का सूर्य!" आम्ही धापा टाकत घरी यायचो. पुढं कितीतरी वर्षांनी मला कळलं, की त्या खेळात मी पृथ्वीचं फिरणंही शिकले आणि रात्रिभोजन त्यागही, आणि यातलं काहीच मला कुणी शिकवलं नव्हतं. पावसाळ्यात कवडसा नसायचा. तेव्हा अण्णा पितळी ताटावर डाव वाजवायचे आणि "आज सूर्य रजेवर आहे, मी बदलीवर आलोय," म्हणायचे.

उंदरांचंही तसंच. मारायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी लाकडी फळ्या आणि जाळीचा पिंजरा केला होता. उंदीर सापडला की सकाळी सायकलला पिंजरा अडकवून त्याला शेताकडे सोडायला जायचे. आम्ही मागं लागलो की कागदाचं तिकीट फाडून पिंजऱ्याला लावायचे, "जयसिंगपूर ते उदगाव, एकेरी." एकदा तुटक्या शेपटीचा एक उंदीर सोडला आणि आठवड्यानं तसाच तुटक्या शेपटीचा पुन्हा सापडला. अण्णा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "हा विनातिकीट आलाय. याला आता नांदणीचं काढू."

बस्तीच्या आडाचं पाणी अभिषेकासाठी गाळून घेतात. गाळल्यावर गाळण्यात जे सूक्ष्म जीव राहतात, ती जिवाणी परत त्याच पाण्यात सोडायची असते. पण वरून ओतली तर एवढ्या उंचीवरून आपटून ते जीव मरणारच, मग गाळण्याला अर्थ काय? अशी बादली जुन्या काळापासून असते, पण आमच्या बस्तीतली गंजून गेली होती. अण्णांनी नवीन केली. बुडाला एक कडी झाळली आणि तिला वेगळी बारीक दोरी बांधली. मोठ्या दोरीनं बादली सरळ खाली सोडायची, पाण्याला टेकली की बारीक दोरी ओढायची, बादली हळूच कलंडते. मी आठ-नऊ वर्षांची असेन. अण्णांनी ती बारीक दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सावकाश. खाली बाळं झोपलीत." अहिंसा या शब्दावर मी नंतर पुष्कळ प्रवचनं ऐकली. माझ्या हाताला मात्र ती त्या दोरीच्या ओढीएवढीच माहीत आहे.

दानं चार, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आहार, औषध, शास्त्र आणि अभय. अण्णा म्हणायचे, "पाचवं माझं. दुरुस्तीदान." आई रागवायची, शास्त्रात भर घालू नका म्हणून. ते हात जोडून म्हणायचे, "बरं, मग अभयातच धरा. त्या मशीनला भंगारात जायचं भय होतं."

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्याखाली गेली. जयसिंगपूर उंचावर, म्हणून कितीतरी माणसं आमच्याकडे आसऱ्याला आली. पाणी ओसरल्यावर धान्य, कपडे, भांडी वाटायला पुष्कळ लोक आले. अण्णा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, गुडघे दुखत होते. त्यांनी हत्यारपेटी उचलली आणि भाच्याच्या टेम्पोत बसून नदीकाठच्या गावांत गेले. घराघरांत शिलाई मशीन होत्या, चाकांत, शटलमध्ये, सगळीकडे गाळ भरलेला. बायका म्हणत होत्या, आता भंगारातच द्यायची. अण्णा एकेक मशीन खोलायचे, भाग डिझेलमध्ये भिजत घालायचे, ब्रशनं घासायचे, तेल सोडायचे, नवा पट्टा चढवायचे. दशलक्षण आलं तरी हे चालूच. एकाशन करायचे, सकाळी पूजा उरकून निघायचे आणि दिवस मावळताना परत. एका घरात मशीन सुरू झाल्यावर त्या बाई चिंधीवर टीप मारत राहिल्या, मारतच राहिल्या, थांबेनात. घरी येऊन अण्णांनी एवढंच सांगितलं. त्या दिवशी त्यांनी कसलाच विनोद केला नाही.

शेवटच्या आजारात ते पलंगावरून उठत नव्हते. उन्हाळा होता, पंखा सतत चालू. डोळे मिटून पडलेले अण्णा एकदम म्हणाले, "वरचा नट सैल झालाय. ऐकू येत नाही का कुणाला?" माझा मुलगा स्टुलावर चढला, अण्णा खालून सांगत गेले, डावीकडे, अजून थोडा, बास. आवाज थांबला. "आता शांतपणे णमोकार ऐकता येईल," म्हणाले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, आईनं म्हटलेला णमोकार ऐकतच ते गेले.

गेल्या भाद्रपदात, उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, आम्ही भावंडांनी पेटी उघडली. "माझं काहीच नाही" याचं चिंतन करायचा दिवस. पण पेटीतलं प्रत्येक हत्यार मला माझं वाटत होतं. गिरमिटाची मूठ त्यांच्या तळव्यानं झिजून गुळगुळीत झालेली. धाकटा भाऊ म्हणाला, कपाटात जपून ठेवू या. आई म्हणाली, "बंद पेटीत हत्यारं गंजतात. त्यांना ते चाललं असतं का?" मग वाटप झालं. पाने आणि पक्कड गल्लीतल्या सायकलवाल्या पोराकडे, कानशी आणि छिन्न्या भाच्याकडे. गिरमिट माझ्या मुलानं मागून घेतलं.

तळाशी तीन डबे निघाले. झाकणांवर अण्णांच्या अक्षरात चिठ्ठ्या. पहिल्यावर "लागेल". दुसऱ्यावर "कदाचित लागेल". तिसऱ्यावर "लागणार नाही, पण टाकवत नाही". आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं हसली आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

पहिले दोन डबे देऊन टाकले. तिसरा माझ्याकडे आहे. त्यात आटे गेलेले स्क्रू, एक वाकडी किल्ली, बेअरिंगच्या गोळ्या आणि तुटलेल्या भोवऱ्याची आरी आहे. आकिंचन्य धर्म मला अजून पुरता जमलेला नाही. पण गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंचा नळ गळत होता, तेव्हा त्यातलाच एक जुना वायसर कापून बसवला. नळ थांबला. काकूंनी पैसे विचारले. मी म्हटलं, आमच्याकडं याचे पैसे घेत नाहीत.