पहिल्याची सर

स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा ‘ज्युरासिक पार्क’ १९९३ साली प्रदर्शित झाला आणि पुढच्या वर्षी हिंदी रूपात भारतातील चित्रपटगृहांत पोहोचला. तेव्हापासून २०२५ पर्यंत या मालिकेत आणखी सहा चित्रपट आले. तंत्र सुधारले, खर्च वाढला, डायनासोरांची संख्या आणि आकारही वाढला. तरीही प्रत्येक नव्या भागानंतर रसिकांचा निकाल बहुधा एकाच वाक्यात लागतो: ‘पहिल्याची सर नाही.’ हा निकाल कितपत न्याय्य आहे?

पहिल्या चित्रपटाचे मोठेपण त्याच्या काटकसरीत आहे. दोन तासांहून थोड्या अधिक लांबीच्या या चित्रपटात डायनासोर प्रत्यक्ष दिसतात ते जेमतेम पंधरा मिनिटे. टी-रेक्स तर सुमारे तासभर पडद्यावर येतच नाही. आधी पेल्यातील पाण्यावर वर्तुळे उमटतात आणि प्रेक्षकाचा श्वास तिथेच अडखळतो. उंच मानेचा ब्रॅकिओसॉरस दिसण्यापूर्वी दिग्दर्शक त्याला पाहणाऱ्या शास्त्रज्ञांचे थक्क चेहरे दाखवतो. जे दाखवायचे ते राखून ठेवण्याचा हा संयम पुढच्या भागांत क्वचितच आढळतो. शिवाय संगणकाने सजीव केलेला प्राणी इतका खरा वाटू शकतो, हे जगाला त्या वेळी नवे होते. नवलाई एकदाच येते. १९९७ चा दुसरा भाग स्वतः स्पिलबर्ग यांनीच केला, तरी तोही पहिल्यापुढे उणाच मानला गेला.

मग पुढच्यांची पहिल्याशी तुलना करणे अन्याय नव्हे काय? येथे व्यापारी घरांना परिचित असलेला नियम लागू पडतो. जो मुलगा वडिलांच्या नावाची पाटी दुकानावर लावतो आणि त्या नावावर बाजारातून माल उचलतो, त्याला वडिलांच्या सचोटीशी होणारी तुलना टाळता येत नाही. पुढच्या भागांनी तेच केले आहे. जॉन विल्यम्स यांची मूळ धून त्यांत पुन्हा वाजते. २०१५ च्या भागात जुन्या उद्यानाची पडकी इमारत दिसते. २०२२ मध्ये पहिल्या चित्रपटातील तिन्ही प्रमुख कलावंत परत येतात. पहिल्याच्या नावावर उचल घेतली, तर हिशेबही त्याच्याच खात्यावर तपासला जाणार.

२०१५ च्या ‘ज्युरासिक वर्ल्ड’ने तर ही अडचण कथेतच मांडली. त्यातील उद्यानाचे मालक साकारले होते इरफान खान यांनी. तेथे येणाऱ्या लोकांना साध्या डायनासोरांचे अप्रूप उरलेले नाही, म्हणून अनेक प्राण्यांचे गुण एकत्र करून अधिक मोठा, अधिक क्रूर प्राणी घडवला जातो आणि तोच सर्वनाशास कारण होतो. लाभ वाढतो तसा लोभही वाढतो, ही जैन घरांतील जुनी शिकवण येथे अनपेक्षितपणे पडद्यावर दिसते. विलक्षण हे की चित्रपटाने त्या हव्यासाला दोषही दिला आणि तोच हव्यास पुरवून जगभरातून १६० कोटी डॉलरहून अधिक गल्लाही जमवला.

मात्र खात्याला दुसरी बाजूही असते. १९९४ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज चाळिशी ओलांडून गेले आहे. नव्या भागात त्याला जे उणे वाटते, त्यातील काही वाटा चित्रपटाचा नसतो. तो त्याच्या हरवलेल्या दहाव्या वर्षाचा असतो. ते वर्ष कोणताही दिग्दर्शक परत देऊ शकत नाही. आणि मूळ चित्रपट निर्दोष होता असेही नाही. ज्या कुंपणातून टी-रेक्स सपाट जमिनीवरून बाहेर येतो, त्याच कुंपणापलीकडे काही मिनिटांत खोल दरी दिसते! प्रेमाने ती चूक केव्हाच माफ केली; नव्या भागाला मात्र तशी सवलत मिळत नाही. आठवणीवरचे ममत्वही परिग्रहच आहे, आणि एकाच बाजूने पाहिलेले सत्य अपुरे असते, असे अनेकांत सांगतो.

२०१८ च्या भागातील एक दृश्य या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्वालामुखीने बेट पेटलेले आहे, माणसांचे जहाज निघून जात आहे आणि धक्क्यावर एकटा राहिलेला ब्रॅकिओसॉरस आर्त हाक देत धुरात दिसेनासा होतो. पहिल्या चित्रपटात ज्या प्राण्याने विस्मय दिला, त्याच जातीचा प्राणी येथे करुणा जागवतो. स्वतःच्या हौसेसाठी जीव निर्माण करायचा आणि संकटात त्याला सोडून जायचे, या पापाची जाणीव पहिल्या भागाला इतक्या तीव्रतेने देता आली नव्हती. येथे घेतलेली उचल व्याजासह परत झाली.

म्हणून तुलना अवश्य करावी. पण जमा आणि नावे दोन्ही बाजू पाहून. आणि शेजारच्या खुर्चीत दहा वर्षांचा मुलगा डोळे विस्फारून सातवा भाग पाहत असेल, तर ‘पहिल्याची सर नाही’ हे वाक्य वडिलांनी निदान घरी पोहोचेपर्यंत ओठांतच ठेवावे. त्याच्यासाठी पहिला चित्रपट हाच आहे.