मरणानंतरचा शेजार

पेनसिल्वेनियातील बेथलेहेम येथे मोराव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींची जी जुनी दफनभूमी आहे, तीत पुरुष एका भागात व स्त्रिया दुसऱ्या भागात निजविल्या जात, आणि त्यातही विवाहित, अविवाहित, विधवा व बालके यांच्या रांगा निराळ्या असत, हे मी पूर्वी वाचले होते. परंतु सतरा वर्षे संसार केलेल्या आंद्रेआस आणि माग्दालेना या आफ्रिकी दांपत्याची चरित्रटिपणे वाचू लागलो, तेव्हा ही दोघेही त्या नियमानुसार एकमेकांपासून दूर पहुडली आहेत, या जाणिवेपाशी माझे मन जे थबकले ते पुढे सरकेना.

आपल्या खापरपणजोबांचे थडगे हुडकीत तेथे येणारा मनुष्य स्वाभाविकपणे आडनावाचा माग काढतो, आणि आडनाव त्याला फारसे उपयोगी पडत नाही, कारण कुळाची अशी स्वतंत्र जागा तेथे नाहीच. रांगेतील क्रम मृत्यूच्या तारखेने ठरे. म्हणजे शेजारी कोण, तर आपल्या आधी जो गेला तो, मग तो सुतार असो, बिशप असो वा बाप्तिस्मा घेतलेला मोहिकन असो. तेव्हा जागा सापडण्यापूर्वी पूर्वज मरणसमयी कोण होता, विवाहित की अविवाहित, सधवा की विधवा, हे कळले पाहिजे. आणि ते कळते दप्तरात. मंडळीच्या नोंदवहीत जन्म, बाप्तिस्मा, मंडळीतील प्रवेश, प्रथम प्रभुभोजन, विवाह आणि दफन यांचा तपशील तारीखवार असतो. स्त्रियांच्या माहेरची आडनावे टिपून ठेवणाऱ्या त्या कारकुनांविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते. मात्र इंग्रजांच्या अमलात १७५२ पर्यंत जुने पंचांग चालू असल्याने तारखांत अकरा दिवसांचे अंतर पडू शकते, आणि जुन्या जर्मन वळणाची ती लिपी आपल्या मोडीइतकीच शिकणाऱ्याची परीक्षा पाहते. कोणी निवर्तले की ट्रॉम्बोनवर तीन भजनांच्या चाली वाजत, आणि मधल्या चालीवरून गेलेला जीव कोणत्या वर्गातील हे गावाला उमगे. नोंदवहीच्या आधी ही बातमी कानांना मिळे.

पण नोंदवहीपेक्षाही मला मोलाचे वाटते ते चरित्रटिपण. प्रत्येक सभासदाने आपल्या आयुष्याची हकीकत लिहावी किंवा सांगून लिहवून घ्यावी, अखेरचे आजारपण व प्राणोत्क्रमण दुसऱ्या कोणी पुरे करावे, आणि ते सारे अंत्यविधीच्या वेळी मोठ्याने वाचावे, असा प्रघात होता. आंद्रेआसच्या टिपणात त्याचे मूळ नाव ओफोदोबेन्दो वूमा असे येते. इबो लोकांत जन्मलेल्या या मुलाचा बाप वारला, भावाने त्याला दोन बकऱ्यांच्या बदल्यात गहाण ठेवले, आणि ज्याच्याकडे तो गहाण होता त्याने त्याला विकून टाकले. अँटिग्वा, न्यूयॉर्क असे हात बदलीत तो अखेर बेथलेहेमला पोचला आणि १७४६ साली त्याचा बाप्तिस्मा झाला. माग्दालेना आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरची. फिलाडेल्फियातील चार्ल्स ब्रॉकडेन या गृहस्थाने तिला आपल्या घरातून या मंडळींकडे धाडले. १७६२ साली दोघांचा विवाह झाला, १७७९ साली आंद्रेआस गेला, आणि १८२० साली माग्दालेना गेली. एकेचाळीस वर्षे! इतक्या दीर्घ वैधव्यात ती त्या दफनभूमीत कितीदा तरी जाऊन पतीच्या शिळेपाशी उभी राहिली असेल, असे मला वाटते. त्या शिळा जमिनीसरशा आडव्या आहेत. संगमरवरी देवदूत उभारलेल्या श्रीमंत स्मशानांपेक्षा हा साधेपणा मला कितीतरी अधिक रुचतो. तरीही सांगितले पाहिजे की, ज्या मंडळींनी मरणात काळ्यागोऱ्यांना एका रांगेत घेतले, त्याच मंडळींनी जिवंत माणसे विकत घेऊन आपल्या मालकीत ठेवली, आणि शिळांच्या समानतेने त्या दोषाची फेड होत नाही.

या लोकांची कागदपत्रे जपण्याची निष्ठा मात्र अपूर्व. जगाच्या पाठीवर कोठेही त्यांचे ठाणे पडो, तेथील रोजनिशी सॅक्सनीतील हेर्नहूट या मूळ गावी रवाना होई, आणि तिच्या नकला दूरदूरच्या मंडळ्यांत वाचल्या जात. १७६० साली यांतील काही बांधव तरंगमबाडीच्या डॅनिश ठाण्यात उतरले; भोवती तंजावरचे मराठी राज्य, गादीवर प्रतापसिंह महाराज. बांधवांचे खरे लक्ष्य होते निकोबार. १७६८ मध्ये त्यांनी नानकौरी बेटावर वस्ती केली, ज्वराने त्यांना एकामागून एक गिळले, आणि १७८७ मध्ये वस्ती उठली. तेथे मेलेल्या पूर्वजाचा माग बेटावरच्या रानात काढण्यापेक्षा हेर्नहूटच्या दप्तरात काढावा हे शहाणपणाचे. मला स्वतःला त्या रोजनिशांशेजारी तंजावरचे त्याच वर्षांचे मोडी रुमाल उलगडून बसावेसे वाटते, आणि त्यात किनाऱ्यावरच्या या परक्या, हातकाम करून पोट भरणाऱ्या माणसांची एखादी ओळ धुंडाळावीशी वाटते.