चांदोबाची भाषा

मूल भाषा कसे शिकते, हे मी गेली अठरा वर्षे महाविद्यालयात शिकवीत आहे. फळ्यावर आकृत्या काढतो, ‘स्वन’ आणि ‘स्वनिम’ असले भारदस्त शब्द वापरतो आणि परीक्षेत त्यावर दहा गुणांचा प्रश्नही घालतो. असा हा अधिकारी पुरुष शेजारच्या साडेतीन वर्षांच्या पोरापुढे सपशेल नापास झाला. त्याचीच ही हकीकत.

आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे. इथे कोंबड्याच्या आधी यंत्रमाग आरवतात. १८७७ साली या शहरात पहिली कापडगिरणी निघाली. ती ‘जुनी गिरणी’ केव्हाच बंद पडली. पण तेलंगणातून आलेली विणकर कुटुंबे इथलीच होऊन गेली. त्यामुळे आमच्या गल्लीत एका दारात मराठी, दुसऱ्यात तेलुगू, तिसऱ्यात कन्नड आणि कोपऱ्यावर दखनी ऐकू येते. भाजीवाली तर चारही भाषांत भाव वाढवून सांगते.

शेजारच्या तेलुगू घरातल्या धाकट्याला सगळे चिन्ना म्हणतात. चिन्ना म्हणजे छोटा. त्याची आजी, अव्वा, दिवसभर ओट्यावर विड्या वळीत बसे. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने आणि समोर चिन्ना. हात विडी वळीत, तोंड गाणे म्हणत. गाणे कसले, आपल्याकडे मोराला तळहातावर बसवतात किंवा पावसाला पैशाची लालूच दाखवतात, तसलेच काहीतरी बडबडगीत. ओळीच्या शेवटी अव्वा मुद्दाम थांबे आणि चिन्ना तो उरलेला शब्द असा काही फेकी, की जणू विटीवर दांडूच बसला!

गेल्या वर्षी जून महिन्यात चिन्नाचे नाव मराठी बालवाडीत घातले. त्याचे वडील माझ्याकडे सल्ला विचारायला आले. “सर, पोरगं मागं पडू नये, काय करावं?” विचारलेला सल्ला न देण्याइतका संयम प्राध्यापकाच्या अंगी कुठून असणार? मी म्हणालो, “घरात तेलुगू बंद करा. मराठीच बोला. अव्वांनासुद्धा सांगा.”

सरांचाच शब्द तो! दुसऱ्या दिवसापासून ओटा मुका झाला.

अव्वांना मराठी येई, पण कामापुरते. ‘जेव’, ‘झोप’, ‘तिकडे जाऊ नको’, एवढे त्या चिन्नाला म्हणू शकत. मराठीत त्यांना हुकूम करता येत होता. लाड करता येत नव्हते. हळूहळू चिन्नाही गप्प होऊ लागला. बालवाडीत तो कोपरा धरून बसतो, असे कळले. “तुमच्या विद्येने त्या घरातलं गाणं गेलं हो,” असे आमच्या सौभाग्यवतींनी एकदा पोळ्या लाटता लाटता सुनावले. मी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरले.

मग कोजागरी आली. रात्री वीज गेली म्हणून आम्ही गच्चीवर गेलो. पलीकडच्या गच्चीवर अव्वा चिन्नाला मांडीवर घेऊन, अगदी दबक्या आवाजात, चंद्राकडे बोट दाखवून गात होत्या. मला तेलुगू येत नाही. पण ‘चंदमामा’ हा शब्द कळला, ताल कळला, आणि ओळीच्या शेवटी त्या थांबल्या तेव्हा मीही श्वास रोखून थांबलो. तीन-चार महिन्यांत न ऐकलेला तो आवाज पलीकडून खणखणीत आला!

इतक्यात अव्वांचे लक्ष माझ्याकडे गेले आणि त्या एकदम गप्प झाल्या. “चुकलं सर,” त्या म्हणाल्या, “आता नाही म्हणत.”

वाचकहो, तेवढी शरम मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात आपलाच विषय पुन्हा उघडला. ऑक्सफर्डच्या ब्रायंट आणि ब्रॅडली यांनी सहकाऱ्यांसह ६४ इंग्रजी मुलांचा, ती सव्वातीन वर्षांची असल्यापासून सहा वर्षांची होईपर्यंत मागोवा घेतला होता. ज्या मुलांना लहानपणी बालगीते अधिक येत होती, ती पुढे लिहिण्यावाचण्यात सरस ठरली. घरची परिस्थिती आणि मुलाची बुद्धी यांचा हिशेब वजा करूनही हे नाते टिकले. हे सारे १९८९ सालीच छापून आले होते आणि मी ते वर्गात सांगतही होतो!

त्यातले मर्म साधे आहे. बडबडगीतात शब्दाचे डोके बदलते आणि शेपूट तेच राहते. त्यातून मुलाच्या कानाला उमगते, की शब्द हा अखंड दगड नव्हे. तो सुटतो आणि पुन्हा जुळतो. ‘पाणीबिणी’ म्हणणारे पोर हाच खेळ खेळत असते. पुढे पाटीवर अक्षर गिरवायचे ते या खेळाच्याच भांडवलावर. आणि ओळीअखेरची ती जागा मुलाला शिकवते, की आता तुझी पाळी. संभाषण तिथूनच सुरू होते. हे भांडवल तेलुगूत जमवले तरी मराठीच्या बाजारात चालते, कारण कान एकच असतो.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ताराबाई मोडकांनी १९४५ साली बालशिक्षणाचे काम सुरू केले. पाड्यावरची मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. मी मात्र मुलाला शाळेत बसवण्यासाठी त्याच्या घरातले अंगण काढून घ्यायला निघालो होतो.

संध्याकाळी मी अव्वांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि आपले शब्द मागे घेतले. अव्वा काही बोलल्या नाहीत. त्यांनी सूप पुढे ओढले, एक पान घेतले आणि गाणे सुरू केले.

चिन्ना आता भरपूर बोलतो. ते गाण्यामुळेच, असे मी शपथेवर सांगणार नाही. मुले आपापल्या वेळी बोलतात. त्याच्या मराठीत ‘बस’चा ‘बस्सु’ होतो आणि ‘पेन’चा ‘पेन्नु’. तेलुगूला शब्दाच्या शेवटी बहुधा स्वर लागतो. मी ते सुधारीत नाही. शिवाय आमच्या लहानपणी घरी येणारा ‘चांदोबा’ तरी कुठला? १९४७ साली मद्रासला तेलुगू आणि तमिळमध्ये निघालेल्या ‘चंदमामा’चाच तो मराठी अवतार. गल्लीतल्या चारही भाषांत चंद्र मामाच आहे. काका त्याला कोणी केलेले नाही.

परवा सर्वपित्रीच्या रात्री चिन्ना गच्चीवर आभाळ धुंडाळीत होता. अव्वांनी त्याला तेलुगूत काहीतरी सांगितले. मला कळले नाही, हे त्याने माझ्या तोंडावरून ओळखले आणि कठड्याशी येऊन मला समजावून सांगितले,

“सारु, मामा गावाला गेला. उद्या-परवा येतो.”