थोडं गळणारच!

काही वाक्ये आपल्या तोंडी अशी बसलेली असतात की ती बोलताना आपण विचारच करीत नाही. 'थोडं गळणारच' हे त्यांतलेच एक. कवेलूचे घर आहे, पावसात थोडं गळणारच. जुना माठ आहे, थोडा पाझरणारच. मी कृषी विस्तार अधिकारी. नोकरीत केस पिकले, पन्नाशी उलटली. पिकावर कोणते औषध किती मारावे हे मी गावोगाव सांगत आलो, पण ज्या पंपाने ते मारायचे त्याच्याकडे कधी नीट पाहिले नाही. पंप गळतो असे कोणी म्हटले की माझे उत्तर तयार असे, "पंप म्हटला की थोडं गळणारच." या एका वाक्याने मला जन्माचा धडा दिला. तो आज वाचक बंधू-भगिनींना सांगतो.

आमच्या वर्धा जिल्ह्यात कारंजा, आष्टी, आर्वी हा भाग संत्र्याचा. कारंजा घाडगेवरून नागपूर-अमरावती हमरस्ता जातो. या रस्त्यालगतच्या एका गावात माझ्या चांगल्या ओळखीचे एक कुटुंब आहे. पाच एकर जमीन, त्यातली दोन एकर संत्रा, बाकी कपाशी-तूर. घरी म्हातारा-म्हातारी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. शेतीवर भागेना म्हणून मुलाने रस्त्याच्या कडेला गाड्या धुण्याचे सेंटर टाकले. सिमेंटचा ओटा, पाण्याचे टाके आणि तीन पिस्टनचा जोरदार पंप. पावसाळ्यात चिखलाचे ट्रॅक्टर, एरवी मोटारसायकली नि जीपगाड्या. दिवसाकाठी घरखर्च निघू लागला.

आता गंमत अशी की गाड्या धुण्याचा हा पंप आणि संत्र्याच्या बागेत फवारणीला वापरतात तो एचटीपी पंप, हे एकच. नळीच्या तोंडाला धुण्याची गन लावली की गाडी धुतो, फवारणीची गन लावली की झाड. म्हणून दिवसा गाड्या धुणारा पंप बागेची वेळ आली की ट्रॉलीवर चढे, इंजिनाला पट्टा जोडला जाई आणि औषध मारू लागे. एका पंपात दोन कामे! मीसुद्धा त्या मुलाची पाठ थोपटली होती.

चार महिन्यांत त्या पंपाच्या शिला तीनदा बदलल्या. मिस्त्री येई, जुनी काढी, नवी घाली, पैसे घेई. पंधरा-वीस दिवस बरे जात, की पुन्हा ठिबकायला सुरुवात. श्रावणात मी बागेत काळी माशी पाहायला गेलो, तेव्हा फवारणी चालू होती. मुलगा गन घेऊन झाडाखाली, म्हातारा पंपापाशी. पंपाच्या मानेला एक चिंधी गुंडाळलेली. ती औषधाच्या पाण्याने भिजून चिंब होई, म्हातारा उघड्या हाताने ती पिळे आणि पुन्हा गुंडाळून टाके.

"साहेब, तीनदा शिला बदलल्या, तरी गळूनच राह्यला," तो म्हणाला.

मी माशीने काळवंडलेली पाने पाहण्यात गुंतलो होतो. मान न वळवता म्हणालो, "काकाजी, पंप म्हटला की थोडं गळणारच."

त्या संध्याकाळी म्हातारा घरी आला तो घामाने निथळत. मळमळ, तोंडाला लाळ, डोळ्यांना अंधारी. सासूला वाटले ऊन लागले, ती कांदा फोडायला धावली. पण सून बारावी शिकलेली. तिने सासऱ्याच्या हातांचा वास घेतला आणि नवऱ्याला ओरडून सांगितले, "गाडी काढा!" जाताना तिने औषधाचा डबा सोबत घेतला, अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुतले आणि मगच त्यांना गाडीत घातले. डॉक्टरांनी डबा पाहून लगेच उपचार सुरू केले. पाच दिवसांनी म्हातारा घरी आला. देवाची कृपा आणि सुनेचे प्रसंगावधान!

२०१७ च्या खरिपात आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. त्यानंतर मी कितीतरी सभांमधून हातमोजे आणि तोंडाला फडके यांवर बोललो होतो. आणि डोळ्यांसमोर ती चिंधी पिळली जात असताना मी पाने पाहत होतो! विष केवळ नाकातोंडातून जात नाही, भिजलेल्या कातडीतूनही जाते, हे मलाच कोणी सांगायला हवे होते काय?

म्हाताऱ्याला भेटायला गेलो तेव्हा मान वर होईना. तो काही बोलला नाही, उलट चहा मागवला. मी मनाशी ठरवले की हा पंप का गळतो, याचा छडा लावल्याशिवाय राहायचे नाही. वर्ध्याला एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळा जन्म ऑइल इंजिने आणि पंप उघडण्यात गेलेला. त्यांना घेऊन मी त्या घरी गेलो. त्यांनी पंपाकडे पाहिले आणि पहिलेच वाक्य बोलले, "शील बदलनं सोपं हाये साहेब. थे काहून फाटली, हे पाहनं कठीन."

मग त्यांनी अंगणात गोणपाट पसरले. मुलाने सासूची परात मागितली, तेव्हा ती कुरकुरली, "माही कणकेची परात!" मिस्त्री हसले आणि तिने कांदे ठेवायची जुनी परात दिली. विषाचा पंप, कणकेची परात कशी चालेल? तिचेच बरोबर होते. सुनेने हातमोजे घातले आणि निघालेला एकेक भाग धुऊन, ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने परातीत मांडला.

मिस्त्रींनी जे समजावले ते थोडक्यात असे. पंपाच्या मागच्या पेटीत तेल असते, तिथे इंजिनासारखा क्रँक फिरतो. पुढच्या भागात पाणी असते. मधून तीन गुळगुळीत दांडे मागे-पुढे होतात. दांडा मागे गेला की पाणी ओढतो, पुढे गेला की ढकलतो. पाणी उलटे जाऊ नये म्हणून छोटे व्हॉल्व्ह. पाण्याच्या बाजूला दांड्याभोवती रबराचे पॅकिंग, तेलाच्या बाजूला ऑइल सील. दोघांच्या मधल्या जागेला खाली एक बारीक भोक ठेवलेले असते. "हे भोक म्हंजे पंपाची जीभ," मिस्त्री म्हणाले. तिथून पाणी आले तर पुढचे पॅकिंग गेले, तेल आले तर मागचे ऑइल सील गेले. आणि आमच्या मुलाने गळती थांबावी म्हणून तीनपैकी एका दांड्याखालचे भोक चिकट लुगदीने बुजवून टाकले होते! मग पाणी जाणार कुठे? ते मागे तेलात शिरले. पेटीचा बूच उघडला तर तेल दुधाच्या चहासारखे झालेले. आणखी महिनाभर असे चालले असते तर बेअरिंगे जाऊन पंप भंगारातच गेला असता.

मग त्यांनी एक दांडा पुसून सुनेच्या हाती दिला. "बाई, मोजा काढून यावरून नख फिरव."

तिने नख फिरवले. "अडकते काका, इथं ओरखडा हाये."

"तुही शील इथंच फाटते." ओरखडा पडलेला दांडा म्हणजे करवतच. नवे रबर घातले की ते आठ-पंधरा दिवसांत कातरले जाणार. तीनदा शील बदलणाऱ्याने एकदाही नख फिरवले नव्हते.

पण ओरखडा आला कुठून? टाक्याला झाकण नाही, ओढणाऱ्या नळीच्या टोकाची जाळी फाटलेली. ट्रॅक्टरचा चिखल आणि रेती उडून टाक्यात, टाक्यातून पंपात. बागेत बोर्डो मिश्रण मारले तेव्हा चुन्याची कणी गाळली नव्हती. आणि टाके रिकामे झाले तरी पंप तसाच सुरू राही. दांडा आणि रबर यांना गारवा पाण्याचाच. पाणी संपले की काही मिनिटांत रबर जळते.

दोन दांडे आणि सगळी पॅकिंगे नवी आणली. पॅकिंगला तेलाचा हात लावून, ओठाची बाजू पाण्याच्या दाबाकडे ठेवून ती बसवायची असते. उलटी बसली तर दाबाने ओठ मिटण्याऐवजी उघडतो आणि पहिल्याच दिवशी गळती. धारदार स्क्रू-पान्याने टोचून रबर बसवू नये. व्हॉल्व्हखालचा खडा काढला, तसा नळीला बसणारा झटका थांबला. बुजवलेले भोक मोकळे केले. पेटी रॉकेलने धुऊन पंपाच्या पुस्तिकेत लिहिलेले तेल भरले. अर्ध्या तासाने गन दाबली तेव्हा काटा एका जागी स्थिर उभा! खाली थेंब नाही.

तेव्हापासून या पंपाचा डॉक्टर घरची सूनच आहे. कागद मोजून ठेवणारे हात आणि क्रम न विसरणारी नजर यांचे हे काम, त्याला बळ फारसे लागत नाही. ती वहीत तेल बदलल्याची तारीख लिहिते, आणि आता आजूबाजूच्या गावांतूनही पंप तिच्याकडे येतात. पदर मात्र ती घट्ट खोचते, कारण पट्ट्यात पदर सापडला तर तो पदरावर थांबत नाही.

ज्यांच्या घरी असा पंप आहे त्यांनी एवढे ध्यानात धरावे. पंप उघडण्यापूर्वी मोटारीची वीज तोडावी आणि गन दाबून नळीतला दाब सोडावा. ओल्या जागी काम, म्हणून अर्थिंग नीट असावे. नळीला बारीक छिद्र पडले आहे काय, हे बोटाने कधीही चाचपू नये. मोटारीच्या चाकातल्या हवेपेक्षा इथला दाब दहापट आणि जास्त असतो; बारीक धार कातडी भेदून आत जाते. वरून टाचणी टोचल्यासारखे दिसते, पण आत बोट सडू शकते, म्हणून तसे झाल्यास तडक दवाखाना गाठावा. फवारणी झाली की स्वच्छ पाणी पंपातून पुरेसे फिरवावे; औषध रबर खाते आणि मोरचूद लोखंड खाते. धुण्याचे पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात सोडू नये. आणि शक्य असेल तर गाड्या धुण्याचा पंप व औषधाचा पंप वेगळा ठेवावा. ज्या पंपातून काल विष गेले, त्याच्याच पाण्यात आज अनवाणी पोरे गाड्या पुसत असतात. या कुटुंबाने जुना पंप गाड्यांसाठी ठेवला, बागेसाठी दुसरा घेतला.

वर्ध्याला मगनवाडीत १९३४ साली ग्रामोद्योगाचे काम सुरू झाले. यंत्र असे हवे की ते गावात सुधारता यावे, हा विचार आम्ही शाळेपासून ऐकत आलो. आज यंत्र बाहेरून येते, हे खरे. पण ते उघडून पाहायला आणि का बिघडले हे विचारायला कोणाची मनाई आहे?

त्या वर्षी दसऱ्याला मी त्यांच्याकडे सोने द्यायला गेलो. ओट्यावर गाड्यांची रीघ होती, पंपाला झेंडूची माळ. म्हातारा खाटेवर बसून नातवाला पंपाजवळ जाऊ देत नव्हता. मला पाहून म्हणाला, "साहेब, आता नाही गळत बरं!"

तो सहज बोलला, पण मला ते लागायचे तिथे लागले. आता कुठल्याही गावात 'थोडं गळते' असे कानावर आले की मी पाने पाहायचे सोडतो, आणि आधी पंपाशी जाऊन बसतो.