निधान

महादेवपुऱ्यातील एका वसाहतीच्या फाटकाबाहेर, गतिरोधकाच्या अलीकडे, एक पिवळी पाटी उभी आहे. तिच्यावर कन्नड लिपीत एकच शब्द रंगवलेला आहे : ‘निधान’. पुण्याहून मुलाकडे राहावयास आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी बंगळूरात आल्यावर कन्नड मुळाक्षरे गिरवली, आणि त्या शिदोरीवर त्यांनी रस्त्यात वाचलेला पहिला शब्द हाच. मराठी कानाला तो ओळखीचा. निधान म्हणजे ठेवा, पुरून ठेवलेले धन. संतांच्या अभंगांतून तो शब्द किती वेळा भेटतो. धुळीने माखलेल्या या रस्त्यावर कोणता ठेवा सापडणार, या विचारात ते उभे राहिले. फाटकावरच्या कोलारकडच्या रखवालदाराने त्यांची अडचण ओळखली आणि तळहात जमिनीकडे करून दोनदा हलवला. हळू. कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश, धीराने. एकाच संस्कृत शब्दाने दोन शेजारी भाषांत दोन संसार थाटले होते. आजोबांना त्याची गंमत वाटली. पण ती गंमत पुढे त्यांच्या मनातून गेली नाही, कारण त्याच आठवड्यात त्यांची दहा वर्षांची नात सायकलवरून पडली.

वसाहतीच्या तळघरातून वर येणारा उतार मुलांना फार प्रिय होता. वर जाताना दम काढणारा आणि खाली येताना पाय मोकळे सोडू देणारा तो एकच चढउतार त्या सपाट, फरसबंद आवारात होता. नात वेगाने खाली आली, समोरून एक मोटार वळली, दोघांनीही ब्रेक दाबले. मोटारीला ओरखडाही उठला नाही. मुलीचे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर राहिले, आणि प्लास्टर निघण्यापूर्वीच वसाहतीच्या समितीने नियम केला : आवारात सायकल चालवण्यास मनाई, क्लबघराच्या मागील फरशीवर सायंकाळी पाच ते सहा या वेळात, शिरस्त्राण घालून, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली तेवढी मुभा. ती फरशी चाळीस पावलांची होती. मोटारींविषयी त्या परिपत्रकात एक ओळही नव्हती.

मुलीच्या आईने परिपत्रक वाचून सुटकेचा श्वास टाकला. तिला भित्री म्हणणे अन्यायाचे होईल. तिची कचेरी बाह्य वर्तुळ मार्गावर आहे आणि दररोज ती त्या मार्गाने जाते. टँकर, खडीचे ट्रक, कंपन्यांच्या बसगाड्या, उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या आणि या सर्वांच्या फटींतून वाट काढणारा एखादा सायकलस्वार, बहुधा बांधकामावरचा मजूर, डब्याची पिशवी हँडलला अडकवलेला, हे सारे तिने खिडकीतून पाहिले आहे. “बाबा, तुमचं पुणं वेगळं होतं,” ती म्हणाली. “माझी मुलगी सगळे नियम पाळेल. पण रस्ता पाळतो का?”

या प्रश्नाला आजोबांपाशी उत्तर नव्हते. त्यांचे पुणे खरोखरच वेगळे होते. साठीच्या दशकात ते सदाशिव पेठेतून खडकीच्या कारखान्यात सायकलने जात. सकाळच्या भोंग्याच्या वेळी रस्ता सायकलींनी इतका भरून वाहत असे की, एखाद्या मोटारीलाच अंग चोरून चालावे लागे. सायकल त्यांनी तासाच्या भाड्याने घेऊन, मधल्या दांड्याखालून पाय घालून शिकली होती. त्या अर्ध्यामुर्ध्या चालवण्याला मराठीत हाफ पायडल म्हणतात. हिंदीत तिचे नाव कैंची, तर तमिळमध्ये कुरंगु पेडल, म्हणजे माकड-पायडल. भारतीय भाषांनी सायकल परदेशातून घेतली, तिच्या भागांची नावेही बव्हंशी तशीच ठेवली. पण मोठ्यांच्या यंत्रावर लहान देहाने स्वार होण्याच्या त्या खटाटोपाला मात्र प्रत्येकीने आपल्या घरचे नाव दिले. जिथे आनंद होता तिथे भाषा उसनवारीवर थांबली नाही.

मात्र त्या पुण्यात नियम नव्हते असे समजण्याचे कारण नाही. उलट, फार होते. सायकलवर महानगरपालिकेचा कर असे आणि तो भरल्याचा बिल्ला लावावा लागे. डबलसीट गेल्यास पोलीस शिट्टी फुंकत. आणि रात्री दिवा हवाच. पुढे डायनॅमो आले. परंतु त्याआधीच्या तेलाच्या दिव्याच्या आठवणी जुने पुणेकर अजून सांगतात. दिवा नसलेला स्वार पकडला गेला की म्हणे, “आत्ताच वाऱ्यानं विझला हो!” आणि पोलीस काही न बोलता दिव्याच्या टोपणाला हात लावून तो गरम आहे की गार ते पाही. न्याय तिथल्या तिथे होई.

आजोबांना त्या दिव्याचे मर्म इतक्या वर्षांनी, नातीचे प्लास्टर पाहताना उमगले. तेलाच्या त्या मिणमिणत्या ज्योतीत सायकलस्वाराला पुढचा खड्डाही धड दिसत नसे. दिवा त्याला रस्ता दाखवण्यासाठी नव्हताच; रस्त्याला तो स्वार दाखवण्यासाठी होता. ‘येथे एक माणूस चालला आहे’ एवढेच त्या ज्योतीचे म्हणणे. समितीच्या नियमाचे म्हणणे याच्या नेमके उलट होते. त्याने मुलांना चाळीस पावलांच्या फरशीआड ठेवून उतारावरून दिसेनासे केले. नियम दोन जातींचे असतात : एक जात दुर्बलाला दृश्य करते, दुसरी त्याला अदृश्य करते. दोघींच्याही अंगावर सुरक्षिततेचाच गणवेश असतो. म्हणून त्या एकसारख्या भासतात.

सायकलच्या इतिहासात हा भेद आरंभापासून आहे. एकोणिसाव्या शतकातील उंच चाकाच्या सायकलवर स्वार जवळजवळ पुरुषभर उंचीवर बसे आणि चाक अडखळले की डोक्यावर आदळे. ती धाडसी तरुणांची मिरास होती. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याने जवळपास सारख्या दोन चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. या ठेवणीच्या सायकलला त्या काळी ‘सेफ्टी’ असेच म्हणत. १८८८ साली डनलॉपचा हवा भरलेला टायर आला, आणि काही वर्षांतच स्त्रिया, कामगार, शिक्षक, टपालवाले या सर्वांच्या पायांखाली रस्ता आला. स्त्रियांना मोकळे करण्यात सायकलचा वाटा केवढा मोठा आहे, हे अमेरिकेतील मताधिकाराच्या नेत्या सुसान अँथनी यांनी १८९६ मध्येच आवर्जून सांगितले. म्हणजे येथे सुरक्षितता हीच स्वातंत्र्याची जननी ठरली. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये : ती सुरक्षितता यंत्राच्या रचनेत घातलेली होती. ती स्वाराला ‘घरी बस’ असे सांगत नव्हती.

विसाव्या शतकात मोटारी वाढल्या आणि हा प्रश्न रस्त्यावर आला. नेदरलंड्समध्ये १९७१ या एका वर्षात वाहतुकीच्या अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेथील पालकांनी ‘बालहत्या थांबवा’ या नावाची चळवळ उभारली. त्यांनी मुलांना अंगणात कोंडण्याची मागणी केली नाही. मोटारींचा वेग आणि रस्त्यांची घडण बदलण्याची केली. आज त्या देशात शिरस्त्राणावाचून शाळेत जाणारी मुले सर्वत्र दिसतात. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने दुसरी वाट धरली. १ जुलै १९९० पासून तेथे सायकलस्वाराला शिरस्त्राण सक्तीचे झाले. डोक्याच्या इजा घटल्या. पण त्यानंतरच्या गणतींत सायकल चालवणारी किशोरवयीन मुलेही लक्षणीय कमी भरली. या आकड्यांचा अर्थ कसा लावावा याबद्दल तज्ज्ञांत अद्याप वाद आहे. शिरस्त्राण पडणाऱ्याचे डोके वाचवते, याबद्दल मात्र वाद घालण्यात शहाणपण नाही. वादाचा मुद्दा एवढाच की, सुरक्षिततेचा सारा भार सर्वांत हलक्या वाहनाच्या डोक्यावर ठेवून बाकीच्यांनी मोकळे व्हावे काय?

महादेवपुऱ्यालाही एकदा याचे निराळे उत्तर मिळू पाहत होते. हा भाग मूळचा तळ्यांचा आणि खेड्यांचा. जवळच दूरवाणीनगरात १९४८ साली स्थापन झालेला टेलिफोनचा सरकारी कारखाना. २००७ साली येथील स्वतंत्र नगरपालिका बंगळूरच्या महानगरपालिकेत विलीन झाली, आणि संगणकाच्या व्यवसायाने तळ्यांच्या काठांवर काचेचे मनोरे उभे केले. करोनाच्या साथीत, २०२० साली, बाह्य वर्तुळ मार्गावर सिल्क बोर्डापासून कृष्णराजपुरमच्या बाजूला सुमारे सतरा किलोमीटरची सायकल मार्गिका आखण्याचे काम सुरू झाले. रस्त्याची कडा रंगवली गेली आणि मोटारींपासून ती वेगळी काढणारे ठेंगणे खांब रोवले गेले. त्या खांबांचे काम पुण्याच्या तेलाच्या दिव्याचेच होते. पुढे त्याच मार्गावर मेट्रोचे खांब उभे राहू लागले आणि त्या कामात ती मार्गिका बहुतांशी पुसली गेली. मोठ्या खांबांनी लहान खांब गिळले. सायकलस्वार पुन्हा ट्रकांच्या फटींत गेला.

आजोबांनी हे सारे सुनेला सांगितले नाही. भीतीला इतिहास सांगून ती जात नाही, एवढे त्यांना वयाने शिकवले होते. त्यांनी नातीला गाठले. “पडलीस तेव्हा काय वाटलं?” त्यांनी विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “आजोबा, पडायच्या आधी खूप मज्जा आली होती.” या उत्तरात पश्चात्तापाचा लवलेश नव्हता, आणि ते खोटेही नव्हते. उतारावर पाय सोडून द्यावेत, कानांत वारा भरावा आणि क्षणभर कोणाच्याच हाती नसावे, हा सायकलचा गाभ्यातला आनंद आहे. त्यात धोक्याचा अंश आहे. तो अंश पूर्ण काढून टाकला तर उरते ती चाळीस पावलांची फरशी.

कठोपनिषदात देहाला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे म्हटले आहे. रथी मागे निराळा बसलेला असतो. सायकलवर ही विभागणी टिकत नाही. तेथे रथी, सारथी आणि घोडा एकच. म्हणून तिचा नियमही बाहेरून ओढलेल्या लगामासारखा असून भागत नाही. तो स्वाराच्या अंगातच मुरावा लागतो. सायकल उभी का राहते, या प्रश्नाने शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ गुंतवले. चाकांच्या भोवऱ्यासारख्या गतीमुळे ती उभी राहते, अशी एक समजूत होती. २०११ साली अमेरिका आणि नेदरलंड्समधील संशोधकांनी तो परिणाम नाहीसा केलेली एक सायकल बनवून दाखवली, आणि तीही आपला तोल आपण सावरत धावली. ज्या बाजूला ती कलंडू लागते त्याच बाजूला तिचे पुढचे चाक वळते. सावरण्याचे रहस्य मुख्यतः त्या वळण्यात आहे. उभ्या सायकलला तोल नसतो. तोल म्हणजे पडण्याला क्षणोक्षणी दिलेले लहानसे, वेळेवरचे उत्तर. जो कधीच कलंडला नाही त्याला ते येणार कसे?

आजोबांनी समितीला अर्ज लिहिला. कारखान्यातील चाळीस वर्षांच्या सवयीने तो मुद्देसूद होता. बंदी उठवा असे त्यात नव्हते. शिरस्त्राण राहू द्यावे. तळघराचा उतार मुलांना बंद राहू द्यावा, कारण तेथे वळणापलीकडचे कोणालाच दिसत नाही. परंतु सायंकाळी पाच ते सात या वेळात आवारातील मोटारींनी माणसाच्या चालीने चालावे, आणि जे मूल एका हाताने तोल राखून मागे वळून पाहू शकेल, सांगितल्या रेषेवर थांबू शकेल व वेळेवर घंटी वाजवील, त्याला साऱ्या आवारात मोकळीक असावी. शेवटी एक वाक्य होते : फाटकाबाहेर जो शब्द आपण परक्या वाहनांसाठी लिहिला आहे, तो आपल्या मोटारींसाठी फाटकाच्या आतही लिहावा.

समितीने अर्ज अर्धाच मानला. मुलांच्या परीक्षेची कल्पना तिला आवडली. मोटारींच्या चालीचा मुद्दा ‘पुढील बैठकीत’ गेला आणि अद्याप तेथेच आहे. परीक्षेत नात पहिल्यांदा नापास झाली, कारण मागे पाहताना तिचे हँडल वळत होते. पंधरा दिवस ती केवळ तेवढेच करीत राहिली. दुसऱ्यांदा पास झाली तेव्हा तिच्या तोंडावर उतारावरच्या वेगाइतकाच आनंद होता, हे तिच्या आईनेही पाहिले. काही दिवसांनी आई आपणहून म्हणाली, “रविवारी सकाळी, रस्ता रिकामा असताना, तळ्यापर्यंत. बाबा, तुम्ही बरोबर असाल तरच.” तिची भीती गेली नव्हती. तिने तिला थोडी जागा करून दिली होती.

रविवारी उजाडल्यावर आजोबा आणि नात दोन सायकली घेऊन फाटकाशी आली. चांगले फटफटले होते, तरी आजोबांनी दोन्ही सायकलींचे दिवे लावायला लावले. “आजोबा, उजेड आहे की!” “असू दे,” ते म्हणाले. रखवालदाराने फाटकाचा दांडा वर केला आणि तळहात जमिनीकडे करून म्हटले, “निधान, पुट्टी, निधान.” मुलीने मागे वळून पाहिले, हँडल न हलवता, आणि घंटी वाजवली. वर सज्जात तिची आई उभी होती. वळणापर्यंत तिला त्या मागच्या दिव्याचा तांबडा ठिपका दिसत होता, आणि तो दिसेपर्यंत ती आत गेली नाही.