‘इथले’ म्हणजे कुठले?

सार्वजनिक बांधकाम खात्यात माझी ३४ वर्षे गेली. त्यामुळे नातीने जेव्हा विचारले, “आबा, आधी पीडब्ल्यूडी नाही केलंत?” तेव्हा मला वाटले, पोरगी पेन्शनीतल्या माणसाची थट्टा करते आहे. पण तिचा चेहरा थट्टेचा नव्हता.

काम हिच्या पत्रांचे होते. लग्नानंतर दोन वर्षे मी रस्त्याच्या कामावर कॅम्पात आणि ही सासरी. त्या दिवसांतली हिची ४१ पत्रे मी, ही गेल्यावर, संगणकावर उतरवून घेतली. पुढे मूळ कागदांपैकी ९ वाळवीने खाल्ले. नातीने मला लिनक्सची काळी खिडकी शिकवली होती. तिथे चित्रे नाहीत, हुकूम टाइप करायचा. त्या दिवशी मी दोन खिडक्या उघडल्या होत्या; एक ‘पत्रे’ या कप्प्यात, दुसरी ‘कच्चे’ या कप्प्यात. दोन्हींत सारखेच डॉलरचे चिन्ह. कच्चे खर्डे काढून टाकावेत म्हणून मी आरएम आणि पुढे चांदणी टाइप करून कळ दाबली. म्हणजे, इथले सगळे पुसून टाक. ‘इथले’ म्हणजे कुठले, हे मी पाहिलेच नव्हते. हा हुकूम फेरविचार करायला सांगत नाही, आणि कचरापेटीतही काही ठेवीत नाही.

पीडब्ल्यूडी म्हणजे, मी आत्ता ज्या कप्प्यात आहे त्याचा पत्ता छाप. ‘छाप’ अशासाठी, की युनिक्सचा जन्म १९६९ चा, आणि त्या काळी उत्तर टेलिटाइपच्या कागदावर छापून येई. पोस्टाचा पत्ता माणसापासून निघून जिल्ह्याला पोचतो. हा मुळापासून निघून खोलीपर्यंत येतो. असला उलटा पत्ता मी लहानपणी दर लक्ष्मीपूजनाला ऐकला होता. भटजी संकल्पात द्वीप सांगत, खंड सांगत, गोदावरीचा कोणता तीर तेही सांगत, आणि मग कुठे हातावरचे पाणी सोडू देत. माझे सारे लक्ष फटाक्यांकडे! आपण ओसरीवर बसलो आहोत हे लक्ष्मीला दिसत नाही का, असे मला वाटे. तो पत्ता देवीला हवा असतो, असेच मी साठ वर्षे धरून चाललो होतो.

३२ पत्रे पुन्हा उतरवून झाली. उरलेली ९ आठवून लिहितो आहे. एखादे वाक्य हिचे की माझेच, हे कधीकधी सांगता येत नाही. म्हणून त्यांना कप्पा वेगळा केला. काल रात्री बसताना आधी ती तीन अक्षरे टाइप केली. पडद्यावर ओळ उमटली: /होम/आबा/आठवण.